पेरणीनंतरचा दहावा दिवस

बुधवार, २३ जुलै २०२५ | सामान्य काळातील सोळावा आठवडा
पहिले वाचन : निर्गम १६:१-५, ९-१५ | शुभवर्तमान : मत्तय १३:१-९



आजची तारीख माझ्यासाठी जरा खास आहे. बरोबर एक महिन्यापूर्वी, २३ जूनला, माझ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळा उघडल्या. इकडे पुण्यात १६ जूनलाच घंटा वाजली होती. विदर्भातलं ऊन जूनमध्येही उतरत नाही, म्हणून तिकडच्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून सुरू होतात. गेल्या वर्षी इकडे १५ जून होता, तिकडे १ जुलै. लहानपणी आम्हाला या गोष्टीचा भारी अभिमान. पुण्या-मुंबईची भावंडं वर्गात जाऊन बसायची, आणि आम्ही अजून अंगणात आंबे चोखत असायचो.

पण या उशिरामुळे आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते. शाळा आणि पेरणी जवळजवळ एकाच वेळी येतात. मृग सरत आलेला असतो, आर्द्रा लागणार असतात, आणि बाजारात एका बाजूला कृषी केंद्रासमोर कपाशीच्या बियाण्याच्या बॅगांसाठी गर्दी, तर दुसऱ्या बाजूला वह्या, दप्तरं, काळे बूट घेणाऱ्यांची. पुष्कळदा दोन्हीकडे तीच माणसं असतात, आणि खिसा एकच असतो. पाऊस दगा देऊन गेला तर दुबार पेरणी करावी लागते. मग बूट पुढच्या महिन्यावर जातात.

यंदा मान्सून मे महिन्यातच कोकणात उतरला आणि मग कितीतरी दिवस थबकून राहिला. घरी फोन केला की आई आधी पावसाचं सांगायची, मग तब्येतीचं.

आणि आजच्या शुभवर्तमानात कोण भेटतं? पेरायला निघालेला शेतकरी.

आजचं वाचन

येशू घरातून निघून सरोवराकाठी जाऊन बसतो. इतके लोक जमतात की त्याला मचव्यात बसावं लागतं आणि लोक काठावर उभे राहतात. म्हणजे बघा, गुरुजी बसलेले आणि वर्ग उभा! मग तो ती गोष्ट सांगतो. काही बी वाटेवर पडलं आणि पाखरांनी टिपलं. काही खडकाळ जागी पडलं, लवकर उगवलं आणि उन्हात करपून गेलं. काही काटेरी झुडपांत पडलं आणि गुदमरलं. उरलेलं चांगल्या जमिनीत पडलं आणि त्यानं पीक दिलं : कुठे शंभरपट, कुठे साठपट, कुठे तीसपट.

या दृष्टान्ताचा अर्थ येशूनं स्वतःच पुढे सांगितला आहे (मत्तय १३:१८-२३). तो भाग एरवी या आठवड्याच्या शुक्रवारी मिस्सेत वाचला जातो. यंदा शुक्रवारी २५ जुलै, म्हणजे प्रेषित संत याकोबाचा सण आहे, त्यामुळे वाचन वेगळं असेल. तेव्हा तो भाग घरीच वाचा. पाच मिनिटं लागतील.

पहिल्या आठवड्यातच जमिनी वाटू नका

खरं सांगू? हा दृष्टान्त आपण पालक आणि शिक्षक जरा चुकीचा वापरतो. शाळा सुरू होऊन चार दिवस होत नाहीत, तोवर आपण मुलांना जमिनी वाटून मोकळे होतो. 'हा हुशार आहे.' 'हिचं लक्षच नसतं.' 'त्या मुलाच्या घरी वातावरणच नाही, त्याचं काय होणार?' म्हणजे हा काळी कसदार, ती मुरमाड, आणि तो तर वाटच.

पण दृष्टान्तातला शेतकरी असं काही ठरवून निघालेला नाही. तो सगळीकडे बी टाकत जातो. आणि येशू जेव्हा अर्थ सांगतो तेव्हा जमीन म्हणजे वचन ऐकणाऱ्याचं मन. ते आपापलं तपासायचं असतं. दुसऱ्याच्या मुलावर पाटी लावण्यासाठी तो दृष्टान्त सांगितलेला नाही.

आणखी एक गंमत. मार्कच्या शुभवर्तमानात हे आकडे चढत जातात : तीस, साठ, शंभर. मत्तयमध्ये उतरत येतात : शंभर, साठ, तीस. मत्तय शेवटी तीसवर थांबतो, आणि तरीही ती जमीन 'चांगली' याच यादीत असते. आपल्याकडे पस्तीसला पास, तीसला नापास. प्रभूच्या हिशेबात तीसपट देणारं शेतही चांगलंच शेत. युनिट टेस्टचे पेपर घरी आले की हे वाक्य आठवा. मीही आठवायचा प्रयत्न करतो, दर वेळी जमतं असं नाही.

आबांची पिशवी

आता मूळ मुद्द्यावर येतो. दृष्टान्त पेरणीवरून थेट पिकावर जातो. मधल्या दिवसांत शेतकऱ्यानं काय केलं हे तिथे आलेलं नाही. ते मला माझ्या आबांनी दाखवलं.

मी तिसरीत होतो. १९९८ सालचा पावसाळा. पांढरकवड्याकडे आमचं थोडं शेत होतं. पेरणी होऊन आठ-दहा दिवस झाले की आबा एका लहान पिशवीत उरलेलं बी घेऊन शेतात जायचे आणि प्रत्येक तासानं वाकून चालत जायचे. जिथे कोंब दिसला तिथे काही नाही, पुढे. जिथे नुसती माती दिसली तिथे थांबायचे, बोटानं खड्डा करायचे, दोन बिया टाकायचे, माती लोटायचे. याला नांग्या भरणं म्हणतात. न उगवलेल्या जागा वेळेत भरल्या तरच नवं रोप आजूबाजूच्या रोपांबरोबर वाढतं. महिनाभरानं भरून उपयोग नाही, मोठी झाडं त्याला सावलीत दाबून टाकतात.

मला कंटाळा यायचा. मी एकदा म्हटलं, "आबा, पेरून तर झालं नं?"

ते म्हणाले, "पेरलं म्हंजे झालं काय रे बाबू? उगवलं का नाई, ते पाहाले जा लागते."

एवढंच. आबा कधी बायबल घेऊन बसले नाहीत, त्यांना वाचता येत नव्हतं. पण पेरणाऱ्याच्या दृष्टान्तावर मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं प्रवचन हेच.

खिडकीची जागा

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट. ही मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

आमची शाळा सिस्टर्सची. साधी प्राथमिक शाळा, बालभारतीची पुस्तकं, पत्र्याचं छप्पर, पाऊस आला की शिकवलेलं ऐकूच यायचं नाही. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. कॅथलिक शाळा म्हटलं की शहरातल्या मित्रांना मोठी इमारत, टाय आणि ॲडमिशनची रांग आठवते. आमच्याकडचं चित्र वेगळं. १९५५ साली नागपूर धर्मप्रांतातून वेगळा झालेला अमरावती धर्मप्रांत हा आमचा धर्मप्रांत, आणि त्यात कॅथलिक माणसं मूठभर. त्यामुळे शाळेत कॅथलिक मुलं बोटावर मोजण्याइतकी. बाकी कुणबी, बंजारा, बौद्ध, मुस्लिम, गोंड, कोलाम. सकाळी प्रार्थना, प्रतिज्ञा, आणि मग सगळ्यांना सारखीच छडी.

माझ्या बाकावर माझ्याशेजारी एक कोलाम मुलगा बसायचा. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. त्याचं पोड दूर होतं, म्हणून तो मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहायचा. घरी ते कोलामी बोलायचे. मराठी तो शाळेतच शिकला, आणि गणितात माझ्या पुढे होता. आमच्या बाकाला खिडकी होती. एक आठवडा खिडकीकडे तो, एक आठवडा मी, असा आमचा करार.

त्या जूनमध्ये शाळा उघडली आणि तो आला नाही. हजेरीत त्याचं नाव यायचं, दोन क्षण शांतता, आणि पुढचं नाव. पहिल्या आठवड्यात कोणाला काही वाटत नाही. आमच्याकडे पेरणीमुळे निम्मी मुलं उशिराच येतात.

एका आठवडी बाजारात तो मला दिसला. कडेवर लहान बहीण होती. म्हणाला की आई रोजानं टोबायला जाते, पुढे निंदण सुरू होईल, बहिणीला पाहायला कोणी नाही. आणि मग म्हणाला, "सिस्टरले सांगजो, पोळा झाला का येतो."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिस्टरनी वर्गात विचारलं, "याच्याबद्दल कोणाला काही माहीत आहे का?" मी गप्प बसलो. विसरलो नव्हतो. नीट आठवत होतं. पण तोवर दहा दिवस खिडकीची जागा रोज माझी होती, पाऊस सुरू झाला होता, आणि तिथून शाळेमागचा नाला दिसायचा. आठ वर्षांच्या मुलाचा हिशेब तेवढाच होता.

सिस्टर ऑगस्टमध्ये स्वतः गेल्या. एसटीनं जाऊन पुढे चालत. घर बंद होतं. ते कुटुंब कामासाठी दुसरीकडे गेलं होतं, कुठे ते शेजारच्यांना नक्की सांगता आलं नाही. पोळा झाला, दिवाळी झाली. तो परत आला नाही. सिस्टरना जूनमध्येच कळलं असतं तर त्या जूनमध्ये गेल्या असत्या, एवढं मला माहीत आहे. पुढे काय झालं असतं, ते देव जाणे.

त्याच वर्षी माझं पहिलं पापनिवेदन झालं. बहिणीला मारलं, आईशी खोटं बोललो, पेन्सिल चोरली, सगळं सांगितलं. हे सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, हे पाप आहे असं वाटलंच नव्हतं. मी काही *केलं* कुठे होतं? मिस्सेच्या सुरुवातीला आपण दर वेळी केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ते शब्द माझ्या तोंडात तिसरीपासून आहेत. त्यांचा अर्थ कळायला फार वर्षं लागली.

जे ओरडत नाही ते

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. सॉफ्टवेअरमध्ये नवीन रिलीज झाला की आम्ही केक कापतो. पण खरं काम नंतर सुरू होतं. सिस्टीममध्ये चूक झाली तर एरर येतो, अलर्ट वाजतो, रात्री तीनला फोन येतो. ते एका अर्थानं सोपं आहे, कारण चूक ओरडते. अवघड असतो तो सर्व्हर, जो बंदच पडलाय. तो एरर पाठवत नाही, कारण तो काहीच पाठवत नाही. डॅशबोर्ड शांत, सगळं हिरवं. म्हणून आम्ही हार्टबीट ठेवतो : दर मिनिटाला प्रत्येकानं 'मी आहे' असं कळवायचं, आणि ते आलं *नाही* तर अलर्ट वाजवायचा.

वर्गातही तेच. दंगा करणाऱ्या मुलाकडे लक्ष जातंच. न येणारं मूल कोणालाच त्रास देत नाही. शाळेकडे हार्टबीट म्हणून एकच गोष्ट असते, ती म्हणजे हजेरी. पण हजेरीत 'गैर' लिहिलं म्हणजे अलर्ट वाजला असं नाही. कोणीतरी उठून जावं लागतं.

हे चर्चनं फार पूर्वी ओळखलं होतं. संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल हे शिक्षकांचे आश्रयदाते संत (पोप पायस बारावे यांनी १९५० साली तसं जाहीर केलं). ते १६५१ साली फ्रान्समध्ये श्रीमंत घरात जन्मले. पुढे दुष्काळात त्यांनी आपली संपत्ती गरिबांना वाटून टाकली आणि गरीब मुलांसाठी शाळा काढल्या. त्या काळी वाचन लॅटिनमधून शिकवायची पद्धत होती. यांनी आधी मुलांच्या रोजच्या भाषेतून, फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात केली. शाळा कशी चालवायची याची त्यांची एक हस्तपुस्तिका आहे. ती त्यांच्या निधनानंतर लगेच, १७२० साली छापली गेली. त्यात वर्गातल्या मुलांना वेगवेगळी कामं दिलेली आहेत : कोणी घंटा वाजवायची, कोणी प्रार्थना सांगायची, कोणी कागद वाटायचे, कोणी झाडायचं. आणि या यादीत एक काम असं आहे : गैरहजर मुलांच्या घरी जाऊन यायचं. का आला नाही ते विचारायचं आणि शिक्षकांना येऊन सांगायचं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही वेळ पुढे वाचता आलं नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या शाळेत हे काम मुलांचं होतं. म्हणजे माझ्यासारख्याचं. मला तर घरीही जायचं नव्हतं, निरोप हातात आला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जाहीरनामा काढला. येत्या ऑक्टोबरात त्याला ६० वर्षं होतील. त्यात दोन गोष्टी आहेत. मुलांचे पहिले शिक्षक आईवडील. आणि कॅथलिक शाळांनी विशेष काळजी घ्यायची ती तीन प्रकारच्या मुलांची : जी गरीब आहेत, ज्यांना घरचा आधार नाही, आणि ज्यांची श्रद्धा आपली नाही. त्या कसोटीवर माझा बाकावरचा शेजारी तर यादीत सगळ्यात वर होता.

'ग्रुप सोडला'

तुम्ही म्हणाल, हे सगळं खेड्यातलं, जुनं. तर मग या महिन्यातलं ऐका.

माझी मुलगी यंदा पहिलीत गेली. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वह्यांना खाकी कव्हर की प्लास्टिकचं, यावर साठ मेसेज. बुटांना लेस की वेल्क्रो, त्यावर चाळीस. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी ऑफिसच्या स्टँडअपमध्ये होतो. स्क्रीनवर ओळ आली : अमुक नंबरनं ग्रुप सोडला. मी बोटानं बाजूला सारली. मनात म्हटलं, बदली झाली असेल. कोणीच काही विचारलं नाही. पाच मिनिटांत पुन्हा कव्हरची चर्चा.

रविवारी संध्याकाळी आजच्या चिंतनासाठी हा उतारा काढून बसलो. आबांची पिशवी आठवली. मग खिडकी आठवली. आणि मग ती ओळ.

खरं सांगतो, फोन लावायला मला वीस मिनिटं लागली. काय बोलायचं? आपला काय संबंध? त्यांना आवडलं नाही तर? शेवटी लावला. पलीकडे त्या मुलाची आई होती. मी नाव सांगून पुढे काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "शाळेतून बोलताय का? फीचं थोडं थांबा ना, या महिन्यात..."

मी म्हटलं, "नाही ताई, मी फीसाठी फोन नाही केला. तुमचा मुलगा माझ्या मुलीच्या वर्गात आहे. दिसला नाही, म्हणून विचारायला केला."

पुढचं त्यांचं खासगी आहे, ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की दोन दिवसांपासून मुलीच्या वहीचे फोटो रोज संध्याकाळी त्यांना जातात, आणि शनिवारी तो आमच्याकडे खेळायला येणार आहे. तो अजून शाळेत परतलेला नाही. परतेल की नाही, मला माहीत नाही. आबांनी टाकलेलं प्रत्येक बी काही उगवायचं नाही. पण ती जागा बघितलीच नाही, असं त्यांनी कधी केलं नाही.

आणि तुम्ही?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मुलं नाहीत, लग्नही व्हायचंय. पण वर्ग सगळ्यांना असतो. गायनवृंद, युवक मंडळ, रविवारची धर्मशिक्षणाची शिकवणी, हॉस्टेलचा मजला, ऑफिसची टीम. तिथे एखादी जागा रिकामी झाली की आपल्याला ती दिसते. दिसत नाही असं होत नाही. आपण फक्त 'बिझी असेल' असं म्हणून सरकवतो.

मी स्वतःही अशी रिकामी जागा होऊन बसलो होतो. यवतमाळहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. दुसऱ्या वर्षी तीन विषय राहिले. लाज वाटायची, म्हणून मिस्सेला जायचं बंद केलं. चार रविवार झाले असतील. पाचव्या रविवारी दुपारी गायनवृंदातला एक मुलगा माझ्या खोलीवर आला, हातात कागदात गुंडाळलेले दोन वडापाव. त्यानं 'का येत नाहीस' असं विचारलंच नाही. म्हणाला, "टेनर कमी पडतोय." आम्ही वडापाव खाल्ले. पुढच्या रविवारी मी गेलो. आज मी हे चिंतन लिहितोय, त्यात त्या वडापावचा वाटा आहे.

पहिल्या वाचनात इस्राएली लोक अरण्यात कुरकुरतात आणि देव त्यांना रोज सकाळी अन्न देतो. लक्षात घ्या, देव वर्षभराचं धान्य एकदम भरून देत नाही. त्या दिवसाचं त्या दिवशी, तेवढंच गोळा करायचं. मला वाटतं शाळेचं नवं वर्षही असंच असतं. २३ जूनला फुगे लावले, गुलाब दिले, पवित्र आत्म्याला आवाहन केलं, म्हणजे वर्षाची सोय झाली असं नाही. रोजची हजेरी रोज. कोण आलं, कोण नाही. आजचं आज पाहायचं.

शाळेचा पहिला दिवस सुंदरच असतो. पण शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, खरं कळतं ते दहाव्या दिवशी, पिशवी घेऊन तासानं चालल्यावर. आज तर एक महिना झालाय. अजून फार उशीर झालेला नाही, पण फार वेळही नाही.

आज काय करू या?

१. तुमच्या 'वर्गातली' एक रिकामी जागा आठवा. एकच. नाव घेऊन प्रार्थना करा.
२. झोपायच्या आत त्या व्यक्तीला फोन करा. मेसेज नको, फोन. कारण विचारू नका, फक्त 'दिसला नाहीस' एवढं म्हणा.
३. घरी शाळेत जाणारं मूल असेल तर आज 'काय शिकवलं?' याच्याआधी 'आज कोण आलं नव्हतं?' असं विचारा. उत्तर नीट ऐका. आणि कोणी निरोप दिला असेल तर तो पोचवायला शिकवा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू सगळ्या जमिनींवर हात राखून न ठेवता बी टाकतोस. नव्या वर्षात शाळेत आलेल्या प्रत्येक लेकरावर तुझी दया असो, आणि जे आलं नाही त्याच्यावर ती अधिक असो. शिक्षकांना, सिस्टर्सना, फादरांना चालत जायची ताकद दे. पेरणी करून ढगाकडे पाहणाऱ्या आईवडिलांना धीर दे, पाऊस दे. आणि आम्हाला, ज्यांना खिडकीची जागा मिळाली आहे, शेजारची जागा रिकामी दिसू दे. जो निरोप आमच्या हातात आहे तो आज पोचवायची बुद्धी दे. आमेन.

त्या मुलासाठीही आज एक प्रार्थना कराल का? आता तो माझ्याच वयाचा असेल. कुठे आहे ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. उद्या सकाळी भेटू.